माजी सैनिकांचा बहिरेपणा आणि फेटाळली जाणारी अपिलं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूर, कामठी, काटोल, उमरेड, सावनेर या पट्ट्यात सैन्यातून निवृत्त झालेल्यांची घरं भरपूर आहेत. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं रेजिमेंटल सेंटर कामठीत, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरात, दारूगोळ्याचा मोठा डेपो शेजारच्या पुलगावात. या घरांमध्ये टीव्हीचा आवाज मोठा असतो आणि फोनवर बोलताना समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, एक पत्र ठेवलेलं असतं. त्यात लिहिलेलं असतं की श्रवणदोष सैन्यसेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजी बोलण्यात याला ‘नाना लागला’ म्हणतात : नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रेव्हेटेड. त्यापुढे डिसॅबिलिटी पेन्शनची, म्हणजे अपंगत्वाच्या पेन्शनची, वाट बंद.

पत्र आलं की बहुतेक जण अपील करतात, पण त्यात काय लिहितात? सेवा किती वर्षं झाली, कुठे कुठे पोस्टिंग होतं, कोणती पदकं मिळाली, घरची परिस्थिती कशी आहे. सगळं खरं असतं, पण अपील समितीला यातून निर्णय फिरवायला काहीच मिळत नाही. श्रवणदोषाचं अपील तीन गोष्टींवर उभं राहतं : भरतीच्या दिवशी कान कसा होता, सेवेत कोणता आवाज किती वर्षं सोसला आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, आज काय दिसतं. या तिन्हींचे कागद जोडले आणि मेडिकल बोर्डानं (निवृत्तीवेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं) ‘नाना’ लिहिताना दिलेलं कारण खोडून काढलं, तर अपिलात दम येतो. अशी प्रकरणं आम्ही रोज हाताळतो. फेटाळलेल्या अपिलांमध्ये त्याच त्या उणिवा पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पैशांचं गणित. २००६ नंतर निवृत्त झालेल्याला १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या मोजणीयोग्य पगाराच्या ३० टक्के इतका डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) मिळतो, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. शेवटचा पगार ४०,००० रुपये धरला तर १०० टक्क्यांचे १२,००० आणि २० टक्क्यांचे २,४०० होतात. मात्र ब्रॉड बँडिंगमुळे २० ते ४९ टक्क्यांचं अपंगत्व ५० टक्के धरलं जातं. म्हणजे महिन्याला ६,००० रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. स्वतःहून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यांनाही, निवृत्ती १ जानेवारी २००६ किंवा नंतरची असेल तर, डिसॅबिलिटी एलिमेंट मागता येतो. अनेकांना हे ठाऊकच नसतं, त्यामुळे ते अर्जच करत नाहीत.

पण २० टक्क्यांची पायरी चढावीच लागते. बोर्डानं १५ टक्के लिहिले आणि माणूस मुदत संपवून निवृत्त झाला, तर ब्रॉड बँडिंग नाही आणि डिसॅबिलिटी एलिमेंटही नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये एस. पी. राठोर प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तब्येतीच्या कारणावरून मुदतीआधीच घरी पाठवलेल्याची गोष्ट वेगळी. त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक होतं असंच धरावं लागेल, हे सुखविंदर सिंह प्रकरणात (२०१४) ठरलं. तेव्हा आपलं पत्र हातात घेऊन आधी पाहा की कशावर अडवलंय : सेवेशी संबंध नाही म्हणून, टक्के कमी म्हणून, की दोन्हींमुळे. कारण दोन असतील आणि अपिलात एकाचंच उत्तर असेल, तर दुसऱ्या कारणावर ते पुन्हा फेटाळलं जातं.

आता कायदा. निवृत्ती १ जानेवारी २००८ च्या आधीची असेल तर १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स (अपंगत्व पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम), नंतरची असेल तर २००८ चे आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतरची असेल तर २०२३ चे नवे नियम लागतात. नव्या नियमांची रचना बरीच वेगळी आहे, त्यांच्यासाठी हे पत्र पुरणार नाही. १९८२ च्या नियमांचा गाभा जवानाच्या बाजूचा आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दोषाची नोंद नसेल तर माणूस सुदृढ होता असं धरायचं, पुराव्याचा बोजा साधारणपणे त्याच्यावर टाकायचा नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. धरमवीर सिंह प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हेच नियम उलगडून सांगितले आणि पुढची एक गोष्ट ठामपणे मांडली : हा आजार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं बोर्डानं लिहिली पाहिजेत. नुसतं ‘कॉन्स्टिट्यूशनल’ (मूळ प्रकृतीतला दोष) किंवा ‘नॉट कनेक्टेड विथ सर्व्हिस’ एवढ्या दोन-तीन शब्दांनी भागत नाही. २०१५ मध्ये राजबीर सिंह प्रकरणात न्यायालयानं तीच भूमिका कायम ठेवली.

इथे एक सावधगिरी. २००८ च्या नियमांमध्ये, निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तर पुराव्याचा बोजा दावेदारावर येतो. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत वर्षं घालवणाऱ्यांचं यात मोठं नुकसान होतं. त्यात दुसरीही अडचण आहे. निवृत्तीनंतर कुणी सुरक्षा रक्षक होतो, कुणी एमआयडीसीत मशीनवर उभा राहतो. दहा-बारा वर्षांनी तपासणी झाली की बोर्ड म्हणतं, हा बहिरेपणा वयाचा किंवा नंतरच्या नोकरीचा.

कानाच्या बाबतीत बोर्डाच्या या दाव्याचं उत्तर खुद्द कानातच असतं, म्हणून तेवढा भाग नीट समजून घेतला पाहिजे. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, पट्ट्यात होतं, बहुतेक वेळा ४००० ला. ऑडिओग्रामवर रेघ ५००, १००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ जाते, ४००० ला खड्ड्यात उतरते आणि ८००० ला थोडी वर येते. याला नॉच म्हणतात. वयाच्या बहिरेपणात रेघ उताराला लागते ती ८००० ला सगळ्यात खाली जाते, वर येत नाही. रायफल उजव्या खांद्यावरून चालवणाऱ्याचा डावा कान अनेकदा जास्त गेलेला असतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. डाव्या कानात थोडा जास्त तोटा आणि दोन्हीकडे ४००० ला नॉच असा ऑडिओग्राम असेल, तर तो गोळीबाराशी जुळतो असं ईएनटी तज्ज्ञाकडून लिहून घेता येतं. मात्र वय वाढत गेलं की वयाचा उतार नॉचला गिळून टाकतो. साठीतल्या ऑडिओग्रामपेक्षा चाळिशीतला म्हणूनच जास्त मोलाचा. सेवेतले जुने ऑडिओग्राम मिळवण्यासाठी जिवाचं रान करा.

असा माणूस बहिरा आहे हे लोकांना पटतही नाही, कारण त्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, ख, ट, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीतल्या ध्वनींवरून होते आणि नेमकी तीच पट्टी गेलेली असते. ‘शाळा’, ‘काळा’ आणि ‘टाळा’ त्याला सारखेच वाटतात. शांत खोलीत समोरासमोर तो नीट उत्तरं देतो आणि लग्नाच्या मांडवात त्याला काहीच उमगत नाही. मेडिकल बोर्डाची खोली शांतच असते.

टक्क्यांचा घोळही इथेच होतो. समजा एका कानाचे आकडे असे आले : ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला २५, २००० ला ३० आणि ४००० ला ७०. पहिल्या तीन फ्रिक्वेन्सींची सरासरी काढली तर २५ येते, म्हणजे जवळपास नॉर्मल कान. चौथी धरली की सरासरी ३६ च्या वर जाते. माणूस तोच आणि कानही तोच. अनेक रिपोर्टांवर फक्त तीन फ्रिक्वेन्सींची सरासरी छापलेली असते आणि वाचणारा तेवढाच आकडा वाचतो. म्हणून अपिलासोबत जोडायच्या रिपोर्टात प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा आकडा हवा, आणि सरासरी कोणत्या फ्रिक्वेन्सींची आहे हेही लिहिलेलं हवं.

तपासणी कुठेही करा, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, मिहानमधल्या एम्सला किंवा खासगी ऑडिओलॉजिस्टकडे, पण काही गोष्टी मागून घ्याव्या लागतात. नेहमीच्या चाचणीत २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ तपासतात. ३००० आणि ६००० सांगितल्याशिवाय बहुधा होत नाहीत, आणि नॉच कधी कधी ६००० लाच असतो. हवेतून आणि हाडातून, दोन्ही वहनांची चाचणी हवी. दोन्ही रेघा एकत्र खाली गेल्या असतील तर दोष आतल्या कानाचा, म्हणजे आवाजाशी जुळणारा. त्यांच्यात अंतर असेल तर पडदा, मधला कान किंवा मळ यांचा संशय येतो. दोन कानांत फरक असेल तर मास्किंग, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात वेगळा आवाज सोडणं, केलेलं हवं, नाहीतर चांगला कान वाईट कानाच्या वतीनं उत्तर देतो आणि अख्खा रिपोर्ट संशयात पडतो. ऑडिओमीटरच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख रिपोर्टवर लिहून घ्या. चाचणी साउंडप्रूफ खोलीत झाली असेल तर तेही लिहायला सांगा. आदल्या संध्याकाळपासून वरात, डीजे, फटाके, ग्राइंडर यांपासून लांब राहा, कारण मोठ्या आवाजानंतर कान काही तास तात्पुरता मंदावतो आणि आकडे फसवे येतात. कानात मळ असेल तर आधी डॉक्टरकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. शब्द ऐकवून करायची स्पीच चाचणीही मागा. शुद्ध स्वरांची सरासरी आणि शब्दांचा उंबरठा (शब्द ओळखू येऊ लागतात ती पातळी) साधारण १० डेसिबलच्या आत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर तपासणाऱ्याला वाटतं की माणूस मुद्दाम कमी ऐकू आल्याचं दाखवतोय. काही जण टक्के वाढावेत म्हणून बटण उशिरा दाबतात. त्यानं आकडे आपसात जुळत नाहीत आणि खरा तोटाही खोटा ठरतो. ऐकू आलं की लगेच दाबा, आवाज अगदी बारीक असला तरी. शंका घेतली गेलीच तर बेरा चाचणी (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्रानं मोजणारी) करून घ्या, तिच्यात माणसाच्या उत्तरावर काहीच अवलंबून नसतं.

दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आणि सैन्याचे टक्के यांची गल्लतही फार होते. दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त तोटा लागतो. सैन्याचं बोर्ड स्वतःच्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोजतं आणि त्यात ऑडिओग्रामच्या जोडीला किती सेंटिमीटरवरून बोललेलं आणि कुजबुजलेलं ऐकू येतं याचीही नोंद असते. कार्ड नाही म्हणून पेन्शन नाही असं होत नाही, आणि कार्ड आहे म्हणून पेन्शन मिळेल असंही नाही.

आता कागद. पहिलं काम रेकॉर्ड ऑफिसकडून नकला मागवणं. गार्ड्‌सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीत, महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मागायचं काय : भरतीच्या वेळचा तपासणी फॉर्म एएफएमएसएफ-२ए, रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही एएफएमएसएफ-१६, लो मेडिकल कॅटेगरीत (कमी वैद्यकीय श्रेणीत) टाकल्याच्या आणि पुन्हा तपासल्याच्या बोर्डांचे एएफएमएसएफ-१५, सगळे ऑडिओग्राम, ईएनटी तज्ज्ञाचं मत, पोस्टिंगची नोंद आणि स्फोटानं पडदा फाटला असेल तर इंज्युरी रिपोर्ट आयएएफवाय-२००६. साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. फी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःची कागदपत्रं मागताय, तेव्हा गोपनीयतेचं कारण लागू होत नाही. ‘माझी सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहू नका. फॉर्मचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहा, नाहीतर फक्त डिस्चार्ज बुकची झेरॉक्स हातात पडते.

एएफएमएसएफ-१६ आलं की शेवटची पानं आधी वाचा. तिथे दोष सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का आणि कारण काय, याची उत्तरं असतात. कारणाच्या रकान्यात पाहायला मिळणारी वाक्यं मोजकीच आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

‘पीस स्टेशनला (युद्धक्षेत्राबाहेरच्या ठाण्याला) सुरुवात झाली’ असं असेल, तर नियमातली अट सेवेच्या परिस्थितीची आहे, फील्डची नाही. फायरिंग रेंज, टँकची वर्कशॉप, जनरेटर रूम आणि विमानांची रनवे हे सगळं पीस स्टेशनलाच असतं. ‘दुखापतीची नोंद नाही’ असं लिहिलं असेल, तर सांगा की आवाजाचा बहिरेपणा एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं साचत जातो. इंज्युरी रिपोर्ट एकाच घटनेसाठी असतो. ‘डिजनरेटिव्ह’ किंवा वयाचा म्हटलं असेल, तर नॉच दाखवा आणि त्या वेळचं वय दाखवा. पस्तीस-अडतिसाव्या वर्षी वयाचा बहिरेपणा सहसा येत नाही. ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असेल तर भरतीचा फॉर्म आणि धरमवीर सिंह. कान वाहण्याच्या जुन्या आजाराचा शेरा असेल तर प्रकरण अवघड असतं. तिथे सेवेनं झाला असं म्हणण्यापेक्षा सेवेनं बळावला हा मुद्दा धरा, आणि हाडातून होणाऱ्या वहनातही तोटा असेल तर तो भाग मधल्या कानाचा नाही हे तज्ज्ञाकडून लिहून घ्या. सेवेत क्षयरोग झाला आणि स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं दिली गेली असतील, तर तो कागद शोधाच. ही औषधं कानावर परिणाम करतात आणि उपचार लष्करी रुग्णालयाचे असतात.

सेवेतल्या आवाजाचा भाग लिहिताना फार कंजूषी होते. ‘मी तोफखान्यात होतो’ एवढ्यानं काम होत नाही. ट्रेड (सैन्यातल्या कामाचा प्रकार), शस्त्र, वर्षं, काम आणि कानाला संरक्षण होतं की नव्हतं, हे सगळं हवं. एकेका धमाक्यासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. रायफल चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज तिच्या पार जातो आणि मोर्टार, रॉकेट लाँचर, तोफ यांचा त्याहून वर. म्हणून अपिलात असं काही लिहावं : ‘भरतीच्या वेळी माझी श्रवणक्षमता दोन्ही कानांत सामान्य नोंदवलेली आहे (जोडपत्र १). मी अमुक ते अमुक वर्षांपर्यंत ८१ मिलिमीटर मोर्टार प्लाटूनमध्ये होतो व दरवर्षी रेंज फायरिंगमध्ये भाग घेतला (जोडपत्र २, पोस्टिंगची नोंद). अमुक साली प्रथम श्रवणदोष आढळून मला एच-२ या श्रवणाच्या कमी वैद्यकीय श्रेणीत टाकण्यात आले (जोडपत्र ३). ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झला दोन्ही कानांत खाच आहे (जोडपत्र ४) व ईएनटी तज्ज्ञांनी ती तीव्र आवाजाशी सुसंगत असल्याचे नमूद केले आहे (जोडपत्र ५). बोर्डाने या नोंदींचा विचार न करता व कारणे न देता संबंध नाकारला आहे.’ दीड पान पुरतं. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं जोडता येतात. त्यांत युनिट, वर्षं आणि काम असावं, स्तुती नको. कानात सतत शिट्टी वाजत असेल तर तेही लिहा आणि सेवेतल्या एखाद्या ओपीडी नोंदीत त्याचा उल्लेख शोधा.

मुदती कडक आहेत. फेटाळल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जातं. ते फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं अपील, पेन्शनच्या सेकंड अपेलेट कमिटीकडे. स्पीड पोस्टनं पाठवा. पावती आणि पोच जपाच, आणि ज्या पाकिटातून नकार आला ते पाकीटही फेकू नका, कारण पत्रावरची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख यांत कधी कधी दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं. पत्ता बदललेला असेल तर रेकॉर्ड ऑफिसला आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर, दोन्हीकडे कळवा. दुसऱ्या अपिलातही पहिल्याचीच झेरॉक्स पाठवणारे आहेत. पहिल्या समितीनं नकार देताना जे कारण लिहिलं, त्याचं उत्तर दुसऱ्या अपिलात पाहिजे.

दोन्हीकडे नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सशस्त्र दलांचं न्यायाधिकरण. सन २००७ च्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायचा, मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला घडणारा अन्याय मानला जातो, त्यामुळे दार अगदी बंद होत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंह निकालाप्रमाणे उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. वीस वर्षं हातावर हात धरून बसलेला सतरा वर्षांच्या पैशांना मुकतो. ट्रिब्युनलच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. निकाल आपल्या बाजूनं लागला तरी सरकारही तीच वाट धरू शकतं, याची तयारी ठेवा.

थकबाकीत वाटा मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. कायदेशीर मदत मोफत मिळण्याची सोय आहे. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली ती मिळते आणि नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०२५ च्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक कल्याण कार्यालयांमार्फतही मार्गदर्शन सुरू झालं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना वर सांगितलेले कागद घेऊन जा. रिकाम्या हातानं गेलात तर तिथला माणूसही नुसता अर्जच लिहून देऊ शकतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या दाव्यांमध्ये कानाचे दावे सगळ्यात जास्त असतात. तिथल्या खात्याकडे प्रत्येक लष्करी कामापुढे घातक आवाजाची शक्यता कमी, मध्यम की दाट, अशी नोंद असलेली यादी आहे. काम मध्यम किंवा दाट गटातलं असेल तर आवाज सोसल्याचं मान्यच केलं जातं, सैनिकाला ते सिद्ध करत बसावं लागत नाही. तिथली तपासणी ऑडिओलॉजिस्ट करतो, श्रवणयंत्र न लावता, आणि स्वरांच्या जोडीला शब्दांची चाचणी ठरलेल्या यादीनं घेतो. कानातल्या शिट्टीसाठी वेगळे १० टक्के देण्याची तरतूदही त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे प्रत्येक तोफचीला आपण तोफेजवळ उभे होतो हे नव्यानं पटवून द्यावं लागतं. अशी ट्रेडवार यादी संरक्षण मंत्रालयानं करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कोणत्या ट्रेडमध्ये कोणतं शस्त्र आणि कोणतं यंत्र, हे सैन्याकडे लिहिलेलंच आहे.

दुसरी मागणी भरतीच्या तपासणीची. नुसत्या कुजबुजीच्या चाचणीनं ४००० हर्ट्झचं काही कळत नाही. प्रत्येक जवानाचा पहिला ऑडिओग्राम भरतीच्या वेळीच काढावा, तोफखाना, चिलखती दल, मोर्टार आणि विमानांच्या ट्रेडमध्ये तो दरवर्षी व्हावा आणि रिलीजच्या दिवशी सगळ्यांच्या नकला जवानाच्या हातात द्याव्यात. पंधरा मिनिटांच्या या चाचणीनं दोन्ही बाजूंची वर्षानुवर्षांची भांडणं वाचतील, आणि ज्याचा तोटा खरंच सेवेतला नाही त्यालाही ते पहिल्याच दिवशी कळेल.

तिसरी मागणी आपल्या भागाची. महाराष्ट्रासाठी ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईत आहे. गोंदिया, गडचिरोलीच्या माजी हवालदारानं प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची आणि तिथे ऐकू न येणाऱ्या कानांनी सुनावणी समजून घ्यायची, ही अपेक्षा बरोबर नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरात आहे, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं फिरतं कामकाज इथे चालतं. सशस्त्र दलांच्या न्यायाधिकरणानंही विदर्भातल्या पेन्शन प्रकरणांसाठी नागपुरात ठरलेल्या दिवशी बसावं, आणि बहिरेपणाच्या प्रकरणांत सुनावणीतली विचारणा अर्जदाराला लेखी स्वरूपात पडद्यावर किंवा कागदावर द्यावी. विदर्भातल्या खासदारांनी संरक्षण मंत्रालयाकडे हा विषय लावून धरावा, अशी त्यांना आमची या पत्रातून विनंती आहे.

आपले,
माजी सैनिकांच्या पेन्शन प्रकरणांत मदत करणारे काही वाचक, नागपूर